जिवंत असल्याचा पुरावा

रायपूर, रविवार, २५ मे २०२५

कला,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलेच. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

पत्र काहून, असं विचारशील. तू माझा नंबर ब्लॉक केलास, रीनाने केला. यशदीप उरल्याच्या कारखान्यात ड्यूटीवर जाता-येता आमच्या गल्लीवरून जातो, पण मान वळवत नाही. तुझी लेकरं तुझ्यासारखीच हट्टी निघाली. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघालेली नाही.

बातमी अशी की उद्यापासून मी कॉलेजात जाते आहे. हसू नकोस. नवा रायपूरला वकिलीच्या एका कॉलेजात दोन आठवड्यांचा उन्हाळी कोर्स आहे: ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं नियमन. लोक मोबाइलवर जे काय एकमेकांच्या माथी मारतात, त्यातलं काय चालेल, काय नाही, तक्रार आली तर कोणी किती वेळात ती निस्तरायची, याचे नियम. वकील येणार, पोलीस येणार, कंपन्यांची पोरं येणार. फॉर्मात विचारलं होतं, आपण किती सदस्यांचं व्यासपीठ चालवता? मी लिहिलं, एक हजार नऊशे. 'मैत्री परिवार'चे दोन ग्रुप मिळून तेवढे होतातच. रायपूर, भिलाई, दुर्ग इथल्या आपल्या बौद्ध घरांत नामकरण असो, लग्न असो की मयत, माझ्या ग्रुपवर आल्याशिवाय ते झालं असं कोणी धरत नाही. त्यांनी मला लगेच घेतलं.

सदतीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसले. कागदाशिवाय कोणाला जन्माला घातलं नाही आणि कोणाला मारलंही नाही. तेव्हा नियम मला कोणी नव्याने शिकवावे अशातला भाग नाही. पण शेवटी सर्टिफिकेट मिळतं, आणि ते नरहरकडे नाही. नरहर आठवतो ना? पंडरीतला कापडवाला. 'समता परिवार' नावाचा ग्रुप चालवतो आणि प्रत्येक मयतीची बातमी माझ्याआधी टाकायला जिवाचा आटापिटा करतो.

राहिली आपली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी नऊ जूनला तुझ्या निधनाची पोस्ट आमच्या ग्रुपवर पडली. गोंदियाला दुसऱ्या एक कलावती नंदेश्वर वारल्या होत्या. नाव तेच, आडनाव तेच, माहेरही रायपूरचंच. चूक झाली. संध्याकाळी तुझा फोन आला आणि वीस मिनिटांत मी ती पोस्ट काढली. वीस मिनिटांत, कला! तू फोनवर म्हणालीस, "वनू, तुह्यासाठी मी मेलेलीच बरी," आणि ठेवून दिलास. वीस मिनिटांच्या चुकीला दोन वर्षांची शिक्षा, हा कुठला न्याय?

उत्तर दे नाही तर नको देऊ. मी लिहिणार आहे.

तुझी वनू


बुधवार, २८ मे

कला,

नौतपाचे नऊ दिवस अंग भाजून काढताहेत. सकाळी सातला रात्री पाण्यात घातलेला बोरे-बासीचा भात खाऊन बस पकडते, नवा रायपूरला उतरेपर्यंत पदर वाळून कडक होतो. पण वर्गात एसी आहे आणि मी पहिल्या बाकावर आहे.

शिकवायला यामिनी मॅडम आहेत. वय चाळीसच्या आत, आवाज कलेक्टरचा. हिंदीत शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, इथे प्रत्यक्ष व्यासपीठ चालवणारं कोण आहे? कंपनीची पोरं एकमेकांकडे बघत बसली. मी उठून सांगितलं, "मैडम, मैं उन्नीस सौ लोगों को सम्हालती हूँ, और सब मुझे नाम से जानते हैं।" मागे एक फौजदार बसतो, तो म्हणाला, "फिर तो दीदी, आप ही पढ़ाइए।" सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हापासून चहाच्या सुट्टीत माझ्याभोवतीच घोळका असतो.

माझ्या शेजारी अनुश्री बसते. चौबे कॉलोनीतली, नवी वकील, आपल्यातलीच पोट्टी. मराठी सगळी समजते, बोलते हिंदी. तिची आई आपल्या ग्रुपात आहे, आईने तिलाही केव्हाच घातलं आहे. मला 'आंटी' म्हणते. मी तिला म्हटलं, "मावशी मन." तर म्हणते, "हव, मावशी," आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा आंटी.

आज एक गोष्ट कळली, ती तुला मुद्दाम कळवते. तुमच्याच नागपूरच्या खंडपीठाने म्हटलेलं आहे की ग्रुपमधल्या सदस्याने काही भलतंसलतं टाकलं, तर निव्वळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला धरता येत नाही. मी ते वहीत दोन रेघा मारून लिहून घेतलं. बघ, कायदा काय म्हणतो ते.

शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या व्यासपीठावरची एक खरी तक्रार वर्गापुढे मांडायची आहे: तक्रार काय होती, निवारण कसं केलं. मी तुझीच निवडली. तुझं नाव घेणार नाही, 'एक भगिनी' म्हणेन. वीस मिनिटांत निवारण झालेली दुसरी तक्रार त्या वर्गात कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

वनू


शनिवार, ३१ मे

कला,

काल मी मांडणी केली नाही. चक्कर येते असं सांगून जेवणाच्या सुट्टीतच बस पकडली. चक्कर आली नव्हती.

झालं असं. डबा खाताना अनुश्रीला म्हटलं, माझं भाषण एकदा ऐकून घे. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आंटी, तारीख पक्की है ना? मैं ग्रुप में देख लेती हूँ, आगे-पीछे के मैसेज का टाइम मिल जाएगा।" मी म्हटलं, "पाह्य, पण पोस्ट सापडणार नाही, ते मी काढली."

ती बोटाने वर वर सरकवत गेली. मग थांबली. मग मोबाइल माझ्यापुढे धरून हळू म्हणाली, "आंटी, ये तो अभी भी है।"

होती. तुझा फोटो, पांढरी फुलं, दोन्हीकडे मेणबत्त्या, 'भावपूर्ण आदरांजली'. माझ्या मोबाइलमध्ये नाही, तिच्या मोबाइलमध्ये आहे. मी म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये बिघाड असेल. तिने बिचारीने मला समजावून सांगितलं. काढताना दोन पर्याय येतात, सगळ्यांसाठी काढा आणि फक्त माझ्यासाठी काढा. मी दुसरा दाबला होता. म्हणजे एक हजार नऊशे माणसांतून ती पोस्ट फक्त एकीच्या नजरेआड झाली, आणि ती एक मी. आता इतक्या दिवसांनी ती सगळ्यांकडून काढताही येत नाही म्हणे.

दोन वर्षं मी छातीठोकपणे सांगत फिरले की वीस मिनिटांत काढली.

आणि पोस्टखाली काय काय आहे, तेही वाचलं. दोनशे बारा जणांची फुलं आणि हात जोडलेले. सकाळी सव्वादहाला रीनाच्या नंबरवरून आलेला मेसेज: 'मी कलावती. मी जिवंत हाय. हा रीनाचा नंबर हाय. वनू, हे काढ.' आणि त्याखाली, एका मिनिटाने, माझा: 'शोकसंदेशाखाली थट्टा करू नये. पुरावा नसताना बोलणाऱ्यास ग्रुपमधून काढण्यात येईल. अ‍ॅडमिन.' त्याच्याही खाली एक बारीक ओळ, मी तो नंबर काढून टाकल्याची.

हे मी विसरले होते असं लिहिणार होते. लिहून खोडलं. विसरले नव्हते. आठवायचं टाळत होते. त्या सकाळी मला वाटलं, अनोळखी नंबर आहे, कोणी टवाळ पोट्टा असेल. माझ्या टेबलावर सदतीस वर्षं प्रत्येकाने कागद दाखवला. मग हा कोण लागून गेला?

जिवंत माणसाकडे मी जिवंत असल्याचा पुरावा मागितला, कला. आणि तू पुरावा शोधायच्या आत तुला बाहेर काढलं.

पुढचं तू फोनवर सांगितलं होतंस, मी अर्धवटच ऐकलं होतं. यशदीपने शिफ्टमध्ये ती पोस्ट पाहिली. रीनाला फोन लावला तर सतत एंगेज, कारण सगळं गाव तिलाच फोन करत होतं. तो अंगावरच्या कपड्यांनिशी नागपूरला निघालेल्या लोखंडाच्या ट्रकमध्ये चढला. सात तास. आणि दार तूच उघडलंस, हाताला कणीक. तो उंबऱ्यावरच कोसळला. हे मी काल बसमध्ये बसून पहिल्यांदा नीट ऐकलं, म्हणजे मनातल्या मनात. बस रिकामी होती ते बरं झालं. मला रडू आवरलं नाही.

वनू


सोमवार, २ जून

कला,

आज मांडणी केली. आधी तुला सांगते, मग वर्गात काय झालं ते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'पोस्ट पडली'. पोस्टी झाडावरून पडत नाहीत. ती मी टाकली. तुला ते माहीतच आहे, खाली नाव माझंच होतं. पण मी ते माझ्या हाताने लिहिलेलं तू अजून वाचलं नव्हतंस. म्हणजे नागपूरच्या खंडपीठाचा मला काडीचा उपयोग नाही. सदस्यही मीच, अ‍ॅडमिनही मीच.

गोंदियाहून निरोप आला तेव्हा नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पोस्ट गेली नऊ चाळीसला. पाच मिनिटांत कसं जमलं? कारण चौकट तयार होती. माझ्या मोबाइलमध्ये एक फोल्डर होतं. साठीच्या वरच्या सगळ्यांचे फोटो फुलं-मेणबत्त्यांत बसवून ठेवलेले. बातमी आली की फक्त तारीख टाकायची. नरहरच्या पुढे राहायचं तर एवढी तयारी हवीच, असं मला वाटे. त्यात तुझाही होता. तू बासष्टची होतीस, ठणठणीत होतीस, आणि मी तुला चौकटीत बसवून ठेवलं होतं.

तुझा नंबर जुना का होईना, माझ्याकडे होता. लावला असता तर कोणीतरी उचललाच असता. मी लावला नाही, कारण चार वर्षं मी तुला फोन केला नव्हता. आज करतेच, उद्या करते, असं करत चार वर्षं. मग तू गेल्याची बातमी आली आणि फोन करण्यापेक्षा आदरांजली लिहिणं मला सोपं गेलं.

आणि छान लिहिली गं. तीन वेळा डोळे पुसत लिहिली. टायपिंगच्या क्लासात एकाच मशीनवर आपण आळीपाळीने बसायचो, ते लिहिलं. तुझा वेग माझ्यापेक्षा जास्त होता, ते लिहिलं. एकाच दिवशी दोघींना मुलाखतीचं बोलावणं आलं, मला अकराला, तुला दोनला. आणि बऱ्या चपलांचा जोड दोघींत एकच, तुझा. तू मला तो घालून पाठवलंस. माझी मुलाखत लांबली, मी चारला घरी आले, आणि तू अनवाणी पायांनी माझी वाट बघत बसून राहिलीस. नोकरी मला लागली. एकोणचाळीस वर्षांत हे मी तुला एकदाही बोलले नाही, आणि एक हजार नऊशे लोकांना एका सकाळी सांगून टाकलं. लोक म्हणाले, वनमालाताई, रडवलंत. मला ते आवडलं. म्हणूनच सव्वादहाला कोणीतरी 'मी जिवंत हाय' म्हणालं तेव्हा मला राग आला. संध्याकाळी खरं कळलं तरी दुरुस्ती टाकली नाही, कारण मग सगळ्यांना दिसलं असतं की जन्म-मृत्यूच्या टेबलवालीने जिवंत मैत्रीण मारली. मागच्या वर्षी नऊ जूनला तिघांनी तुझ्या स्मृतिदिनाच्या मेणबत्त्या टाकल्या. त्याही मी काढल्या. कशा, ते आता तुला माहीत आहे.

आता वर्ग. हे सगळं मी उभं राहून सांगितलं, चपलांचं सोडून. फौजदारसुद्धा हसला नाही. यामिनी मॅडमनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले होते: तक्रार कोणी केली, पोच कधी दिली, काय केलं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला कळवलं का. मी म्हटलं, "मैडम, पहले तीन के जवाब गलत हैं, चौथे का जवाब आज पोस्ट करूँगी।" त्या म्हणाल्या, काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. खोटं जिथवर गेलं तिथवर खरं पोचलं पाहिजे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पण आधी तिला विचारा. तिला आपलं नाव पुन्हा तुमच्या ग्रुपवर नको असेल, तर तो तिचा हक्क.

म्हणून विचारते. नऊ जून जवळ आला आहे. लोक पुन्हा मेणबत्त्या घेऊन येतील. दुरुस्ती टाकू का? माझ्या नावाने, माझ्या चुकीसकट. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. 'हो' लिही, 'नाही' लिही, कोरा कागद घाल. तू सांगशील तेच होईल.

ते फोल्डर काढून टाकलं. अनुश्रीला शेजारी बसवून, दोनदा तपासून.

वनू


सोमवार, ९ जून

कला,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघते आहे, कुरकुर करत नाही.

सर्टिफिकेट मिळालं. शुक्रवारी. फ्रेम केलेली नाही, कपाटात आहे.

शनिवारी पंडरीला नरहरच्या दुकानात गेले. पायऱ्या चढताना वाटलं, वनमाले, हाही दिवस बघायचा होता. म्हटलं, नऊ तारखेला तुमच्या ग्रुपवर कलावतीच्या नावाने कोणी काही टाकलं तर थांबवा, ती जिवंत आहे. त्याने ताग्याची घडी घालता घालता माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मले माहीत हाय. त्या दिवशी मीच त तुमाले फोन केल्ता, बाई जिवंत हाय मनून. तुमी मनाल्या, नरहर, जळून नको राहू."

"मनाली असन."

"आमच्या ग्रुपवर म्या सहा मिनिटात दुरुस्ती टाकली होती. माफी बी मांगली."

सहा मिनिटं. कोर्स न करता. मी त्याचा चहा प्याले, आणि आल्या पावली परतले नाही. बसून दुसराही प्याले. त्याने मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी ग्रुपला कुलूप लावलं, अ‍ॅडमिनशिवाय कोणाला काही टाकता येऊ नये म्हणून. तुझ्या परवानगीशिवाय दुरुस्ती टाकणार नव्हते, तशी टाकली नाही. तर लोकांनी मेणबत्त्या मलाच वेगळ्या पाठवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत चौदा. त्या चौदाही जणांना मी फोन केला. मेसेज नाही, फोन. म्हटलं, कलावती जिवंत आहे, नागपुरात आहे, चूक माझी होती. भिलाईचा एक म्हातारा भडकला: "अन् मी तवा रडलो, त्याचं काय?" मी म्हटलं, "काका, ते रडणं जमा राहू द्या, पुढं कामी येईल." मग तो हसला, आणि तुझा पत्ता मागू लागला. दिला नाही. आधी तुला विचारीन.

चौदा फोन केल्यावर लक्षात आलं, फोन करणं इतकं काही अवघड नसतं.

वनू


शुक्रवार, १३ जून

कला,

तुझं पाकीट काल आलं. वर माझ्याच हाताने लिहिलेला माझा पत्ता. आधी चहा ठेवला, मग उघडलं, मग चहा उतू गेला. तुझे शब्द तुलाच लिहून पाठवते, म्हणजे नंतर 'मी असं मनलंच नाही' म्हणायची सोय राहणार नाही:

'वनू, तुहे चारी कागद वाचले. त्या पोस्टीत दोन चुका हायेत. एक, मी मेली नाही. दुसरी, त्या चपला माह्या नव्हत्या, ताईच्या होत्या, अन् मी मुलाखतीले गेली नाही कारण मले जायचंच नव्हतं. मले भेव लागत होतं. तू चपला घेऊन गेली तवा मले सुटल्यासारखं वाटलं. एवढे वर्षं काहून मनात ठेवलं? विचारलं असतं त सांगितलं असतं. दुरुस्ती टाक. पण तो जुना फोटो नोको. नवा पाहिजे, अन् तो तूच काढायचा, इथं येऊन. यशदीप मनते, मावशी आली की मी सुट्टी टाकून येतो, मले तिले दोन शब्द आयकवायचे हायेत. आयकून घेजो. अन् येताना ओळखपत्र आणजो. तू वनूच हायेस याचा पुरावा पाह्यल्याशिवाय मी दार उघडणार नाही.'

कला, मी किती वेळ हसले आणि त्यातलं रडणं किती होतं, ते तूच ठरव.

पुढच्या रविवारच्या, बावीस जूनच्या, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. यशदीपला म्हणावं, दोन शब्द कशाला, सात तासांचे शब्द ऐकव, मी उभी राहून ऐकीन. दुरुस्ती लिहून तयार आहे, आधी तू वाचशील, चपलांचंही त्यात नीट केलं आहे. फोटोची जागा रिकामी ठेवली आहे.

आधार कार्ड घेतलं आहे. पेन्शनचं कार्ड घेतलं आहे. कोर्सचं सर्टिफिकेटही घेतलं आहे, त्यावर फोटो आहे. आणि हे सगळं दाखवूनही तुझं समाधान झालं नाही, तर मी दाराबाहेर उभी राहून तुला हाक मारीन, टायपिंगच्या क्लासाच्या जिन्याखालून मारायची तशी.

तुझी वनू